तुम्ही विचारलंत म्हणून : घरात असलेल्या दीड-दोन वर्षांच्या मुलाचं वेळापत्रक

"वेळापत्रक लिहून फ्रिजवर लावतो, पण चार दिवसांत त्याचा बोजवारा उडतो. एवढ्याशा मुलाला वेळा लावायच्या तरी कशा?" हा प्रश्न आया विचारतात, आज्या विचारतात, हल्ली बाबाही विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. त्या कागदावरचे बहुतेक आकडे खोडा. वेळा तीनच ठेवा : सकाळी उठण्याची, दुपारच्या जेवणाची आणि रात्री झोपण्याची. त्यांनाही अर्धा तास मागेपुढे व्हायची मुभा द्या. बाकी सगळं नुसतं क्रमाने लिहा. दीड वर्षाच्या मुलाला घड्याळ कळत नाही, पण आंघोळीनंतर जेवण आणि जेवणानंतर गादी, हे त्याला आठ-दहा दिवसांत पक्कं कळतं.

नवीन काही ठरवण्याआधी तीन दिवस फक्त नोंद करा : कधी उठलं, काय आणि कधी खाल्लं, कधी झोपलं, कधी किरकिर केली. किरकिरीच्या वेळा रोज साधारण त्याच निघतात. आपल्याला आखायचा असतो तो त्या वेळांच्या आधीचा तास.

दिवस लवचिक होतो तो झोपेच्या हिशोबामुळे. दुपारी एकदाच झोपणारं मूल उठल्यापासून साधारण पाच-साडेपाच तासांनी झोपायला तयार होतं आणि दुपारी उठल्यावर पुन्हा पाच-सहा तासांनी. म्हणजे आज साडेसहाला उठलं तर गादी साडेअकरा-बाराला, साडेसातला उठलं तर साडेबारा-एकला. आंघोळ आणि जेवण त्या आधीच्या तासाभरात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दिलेल्या सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून 11 ते 14 तास झोप लागते. रात्री दहा-साडेदहा तास आणि दुपारी दीड-दोन तास झाली, की गणित जमतं. दुपारची झोप साडेतीन-चारच्या पुढे गेली, तर रात्री नऊला डोळा लागायची आशा सोडा.

सगळ्यात ओढाताणीचे आठवडे येतात साधारण 13 ते 18 महिन्यांच्या दरम्यान, दोन झोपांची एक होते तेव्हा. सकाळची झोप हवी असते, पण ती घेतली की दुपारची होत नाही आणि सहा वाजता घर डोक्यावर. अशा वेळी सकाळची झोप एकदम बंद करू नका. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं पुढे ढकलत ती बाराच्या आसपास आणा, आणि तेवढे दिवस रात्री अर्धा-पाऊण तास लवकर निजवा. दमलेलं मूल लवकर झोपेल ही समजूत चुकीची आहे. जास्त दमलेलं मूल चेकाळतं. संध्याकाळी रिक्षात किंवा खांद्यावर डोळा लागला, तर पंधरा मिनिटांत उठवा. त्या रात्री अर्धा तास उशीर होणार हे धरूनच चाला.

खाण्याचं सूत्र सोपं आहे, पाळायला मात्र कठीण. तीन जेवणं, दोन खाऊ, मध्ये अडीच-तीन तास, आणि त्या मधल्या वेळात फक्त पाणी. 'जेवतच नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा दूध आणि बिस्किटं निघतात. दूध दिवसाला 400 ते 500 मिली पुरे, तेही कपाने आणि खाण्याबरोबर. त्याहून जास्त दिलं की भाकरी, डाळ, भाजी मागे पडते आणि अंगात लोह कमी पडतं. सुरुवातीला ताटात दोन चमचे वरणभात, एक चमचा भाजी, थालीपीठाचा एक तुकडा. मागितलं तर पुन्हा वाढा. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचला. घरभर ताट घेऊन मागे धावलं की जेवण तासभर चालतं, खाऊची वेळ सरकते आणि झोपेचाही हिशोब चुकतो. किती खायचं ते मूल ठरवेल. काय आणि कधी, हे आपण. फुटाणे आणि अख्खे शेंगदाणे अजून काही वर्षं नकोत. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करून द्या.

खेळासाठी वेगळी आखणी लागत नाही. खाऊनंतर पोट भरलेलं आणि मूड चांगला असतो, तेव्हा आधी दहा-पंधरा मिनिटं फोन बाजूला ठेवून पूर्ण लक्ष द्या. मग स्वतःच्या कामाला बसा. सलग दहा मिनिटं एकटं खेळलं तरी या वयात चांगलंच. खेळणी पाच-सहाच बाहेर ठेवा, बाकीची खोक्यात, आठवड्याने अदलाबदल. मटारच्या शेंगा, कणकेचा गोळा, धुवायचे कपडे बादलीत टाकणं, यांत जास्त वेळ जातो. (मटाराचे दाणे मात्र नजरेसमोर, ते नाकातही जातात.) दोन वर्षांपर्यंत टीव्ही-मोबाइलचा पडदा नको, त्यानंतर दिवसाला जास्तीत जास्त तासभर. व्हिडिओ कॉलवर आजोबांशी गप्पा यात धरू नका.

एक काम संपवून दुसरं सुरू करताना रडारड होते. "पाच मिनिटांत निघू" याला या वयात अर्थ नसतो. "अजून दोनदा घसरगुंडी, मग चप्पल" हे चालतं. "आंघोळ करायची का?" असं विचारलं तर उत्तर 'नाही'च येणार. "लाल मग की निळा?" असं विचारा.

आता रात्रीचं, कारण बहुतेक घरांत गाडी इथे अडते. बाबा किंवा आई साडेआठला घरी येते, खेळ रंगतो, जेवण साडेनऊला, झोप अकराला. दोन मार्ग आहेत. मुलाचं जेवण सातला उरका, साडेआठला निजवा, आणि उशिरा येणाऱ्याला सकाळची आंघोळ-नाश्ता द्या. नाहीतर पूर्ण दिवसच तासभर पुढे न्या : आठला उठणं, एकला जेवण, साडेनऊला झोप. दोन्ही चालतात. सातला उठवून अकराला निजवणं चालत नाही. शेवटचा अर्धा तास रोज त्याच क्रमाने : हातपाय धुणं, तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून दात घासणं, कपडे बदलणं, मंद दिवा, दोन पुस्तकं, अंगाई. घरी उशिरा पोचणाऱ्याने यातली पुस्तकं घ्यावीत, उड्या नकोत. गावी किंवा लग्नघरी बाकी काही जमलं नाही, तरी हा अर्धा तास सोबत न्या.

वेळ बदलायची असेल तर रात्रीपासून सुरुवात करू नका. आधी सकाळची उठायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. पडदे उघडा, उजेड येऊ द्या. रात्रीची झोप मागोमाग सरकते. पाहुणे आले, आजारपण आलं, तर सगळं सोडून द्या. बरं वाटल्यावर पुन्हा उठण्याच्या वेळेपासूनच सुरू करा. तिसऱ्या वर्षानंतर कधीतरी दुपारची झोप सुटते. तेव्हाही त्या वेळातला पाऊण तास गादीवर पुस्तकांसोबत शांत बसण्यासाठी राखून ठेवा आणि रात्रीची झोप तासभर लवकर घ्या.