सवयीचा जुना बूट कधी सोडायचा?

जुन्या बुटात पाय सुखावतो, कारण वरचं कापड किंवा चामडं पायाच्या आकारावर बसलेलं असतं. खालचा फोमही तोवर दबून बसलेला असतो, पण ते पायाला लवकर कळत नाही. टाच किंवा गुडघा दुखायला लागतो आणि आपण वयाला दोष देतो. म्हणून निकाल सोल बघून लावावा.

जोड सपाट टेबलावर ठेवून मागून पाहा. टाच एका बाजूला कलली असेल, तर पायही तसाच कलतो. मग फोमच्या कडेला अंगठ्याने दाबा. आडव्या बारीक सुरकुत्या कायमच्या पडल्या असतील आणि फोम दाबलाच जात नसेल, तर नवी इनसोल (आतली गादी) घालून काही साधत नाही. धावण्याच्या बुटांचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धरतात. नागपूरच्या फुटाळा तलावाला रोज ४ किलोमीटर धावणाऱ्याचे ते चार ते साडेसहा महिन्यांत भरतात. नुसतं चालणाऱ्याचा जोड जास्त टिकतो.

सोल निघाला म्हणजे बूट संपला असं मात्र नाही. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेल्या बुटाचा गोंद उन्हाने सैल पडतो. हे काम बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) मोच्याकडे होतं, फक्त नीट करून घ्या. जुना गोंद पूर्ण खरवडायचा, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरखरीत करायच्या, दोन्हींना सोल्यूशन म्हणजे नवा गोंद लावून दहा-पंधरा मिनिटं वाळू द्यायचं. बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं आणि कडेने शिलाई मारायची. ओल्यावरच चिकटवलं तर आठवड्यात पुन्हा तोंड उघडतं. शिवलेल्या सोलचा चामडी बूट तर नवा सोल लावून वर्षानुवर्षं वापरता येतो, तो टाकूच नका.

पीयू (पॉलियुरेथेन) सोलचा भुगा होत असेल तर पैसे घालवू नका. दमट हवेने ते मटेरियलच आतून तुटतं, कपाटात न वापरता ठेवलं तरीही. गोंद धरणार कशाला?

फोम बसलेला जोड दिवसभर उभ्याने काम करणाऱ्याला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या टाचांना आपल्यापेक्षा जास्त आधार लागतो. द्यायचाच तर सोल धड असलेला, धुऊन, लेस बांधून द्या. बाकीचा सुक्या कचऱ्यात टाका. जाळू तर अजिबात नका, पीव्हीसी या प्लास्टिकच्या धुराने घसा आणि छाती जळते.

नवा जोड संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा आणि पहिले दोन आठवडे रोज थोडा थोडा वेळच घाला.