वॉशिंग्टन गावचे वॉशिंग्टनकर

न्यूकॅसलहून निघालेल्या बसने मला वॉशिंग्टनला उतरवले, तेव्हा समोर ना पांढरा घुमट होता ना स्मारकाचा सुळका. होते ते एक मोठे बाजारसंकुल, त्यापलीकडे एकामागून एक येणारे वर्तुळाकार चौक, आणि पायी जाणाऱ्याने नेमके कुठून जायचे याविषयी कमालीची गुप्तता पाळणाऱ्या पाट्या. ईशान्य इंग्लंडमधले हे वॉशिंग्टन कोळशाच्या खाणींचा परिसर म्हणून वाढले, १९६४ साली ते 'नवे नगर' म्हणून जाहीर झाले आणि आज ते संडरलँड शहराच्या हद्दीत मोडते. मला मात्र या नव्या नगराच्या पोटात शिल्लक राहिलेले मूळ खेडे पाहायचे होते, कारण अमेरिकेचा पहिला अध्यक्ष, त्या देशाची राजधानी, एक अख्खे राज्य आणि लाखाहून अधिक माणसे जे नाव लावतात, ते नाव याच खेड्यात पहिल्यांदा एका घराण्याचे आडनाव झाले.

दोनदा रस्ता चुकल्यावर गावाची हिरवळ दिसली. तिच्याजवळच टेकाडावर होली ट्रिनिटी चर्च आहे आणि चर्चच्या पायथ्याशी 'ओल्ड हॉल' नावाची दुमजली दगडी वास्तू उभी आहे. वाडा म्हणावा तर लहान आणि घर म्हणावे तर भारदस्त, असा तिचा थाट आहे. आज दिसते ती वास्तू बरीचशी सतराव्या शतकातली आहे. मूळच्या मध्ययुगीन घराचे जे थोडे अवशेष राहिले आहेत, त्यांत स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामधल्या दगडी कमानी येतात. मी त्या कमानीच्या कडेवरून हात फिरवला. खांद्याच्या उंचीपर्यंतचे दगड माणसांच्या येण्याजाण्याने गुळगुळीत झाले होते, आणि त्याच्या वर मात्र छिन्नीचे तिरके घाव अजून बोटांना लागत होते.

या जागेशी ज्याचे नाव जोडले गेले तो विल्यम मुळात वॉशिंग्टनचा नव्हताच. डरॅमचा बिशप ह्यू द प्युइझे याने ११८३ साली आपल्या मुलखातल्या गावांची, त्यांच्या साऱ्याची आणि सेवेची एक नोंदवही करवून घेतली. 'बोल्डन बुक' या नावाने ती ओळखली जाते. तीत असे लिहिले आहे की, विल्यम द हर्टबर्न याने हर्टबर्न हे गाव सोडून त्याच्या बदल्यात वॉशिंग्टन घेतले आहे, मात्र चर्च आणि चर्चची जमीन त्यात धरलेली नाही. यासाठी त्याने वर्षाला चार पौंड द्यायचे होते आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला चार शिकारी कुत्रे घेऊन हजर राहायचे होते. आठशे वर्षांपूर्वीच्या करारातला हा कुत्र्यांचा तपशील वाचून मला आपल्याकडच्या जुन्या सनदांची आठवण झाली, कारण त्यांतही रोख रकमेच्या बरोबरीने अशीच कसली ना कसली चाकरी लिहिलेली असते.

आता मराठी माणसाच्या हिशेबाने हा विल्यम वॉशिंग्टनमध्ये आल्यावर जन्मभर 'हर्टबर्नकर' राहायला हवा होता. आपल्याकडे माणूस गावात असेपर्यंत त्याला गावाचे नाव लावण्याचे कारण पडत नाही; तो गाव सोडून दुसरीकडे गेला की तिथले लोक त्याला अमुककर म्हणू लागतात. विल्यमचे उलटे झाले. जुने गाव सुटताच जुने नावही सुटले आणि तो 'द वेसिंग्टन' म्हणवू लागला. नॉर्मन सरदारांच्या त्या 'द'चा अर्थ 'चा' असा असला, तरी तो जन्मगाव सांगत नसे, हातातली जमीन सांगत असे. जमीन बदलली की नाव बदले, आणि एकाच बापाच्या दोन मुलांकडे दोन गावे असली तर त्यांची नावेही दोन असत. पुढच्या दोनशे वर्षांत इंग्लंडमध्ये आडनावे वंशपरंपरागत होत गेली, तेव्हा ज्याच्याकडे जे नाव होते ते त्याला कायमचे चिकटले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस या घराण्याच्या थोरल्या शाखेत मुलगीच वारस राहिली, तिच्या लग्नाबरोबर जमीन टेम्पेस्ट घराण्यात गेली आणि वॉशिंग्टनमध्ये वॉशिंग्टन उरले नाहीत. ज्या धाकट्या शाखा आधीच बाहेर पडल्या होत्या त्या हे नाव घेऊन फिरत राहिल्या, म्हणजे अखेर ते आपल्या अर्थाने 'वॉशिंग्टनकर' झालेच.

हे सगळे मी तिथल्या वयस्क स्वयंसेवकाला सांगू लागलो, तेव्हा त्याने माझे आडनाव कागदावर लिहून मागितले आणि शेवटच्या 'कर'खाली पेन्सिलने रेघ ओढली. त्याच्या लेखी या गावाच्या नावातले शेवटचे अक्षर अधिक महत्त्वाचे होते. 'टन' म्हणजे जुन्या इंग्रजीत कुंपण घातलेली वस्ती. त्याच्या आधीचा 'इंग' म्हणजे अमक्याची माणसे किंवा अमक्याशी संबंधित. आणि सुरुवातीला त्या अमक्याचे, कोणा अँग्लो-सॅक्सन माणसाचे, झिजून गेलेले नाव. शाळेत असताना या शब्दाचा संबंध मी कपडे धुण्याशी लावत असे, हे मी त्याला सांगितले नाही. इंग्लंडच्या दक्षिणेला, ससेक्स परगण्यात, आणखी एक वॉशिंग्टन आहे, पण अध्यक्षांच्या घराण्याचा त्याच्याशी संबंध नाही, हे मात्र त्याने बजावून सांगितले.

वरच्या मजल्यावर या वास्तूच्या पडत्या काळाची हकीकत मांडली आहे. एकोणिसाव्या शतकात तिच्या खोल्या कष्टकरी कुटुंबांना भाड्याने दिल्या गेल्या आणि एकेका खोलीत एकेक संसार राहू लागला. १९३६ साली ती राहण्यास अयोग्य ठरवली गेली. गावातल्या एका शिक्षकाने पुढाकार घेतला नसता तर ती पाडलीच गेली असती. १९५५ साली दुरुस्त वास्तूचे उद्घाटन झाले आणि दोन वर्षांनी ती जुन्या वास्तू जपणाऱ्या 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेकडे आली. तेव्हापासून ४ जुलै, म्हणजे ज्या दिवशी अमेरिकेने इंग्लंडशी नाते तोडले तो दिवस, या इंग्लिश खेड्यात समारंभाने साजरा होतो. मे १९७७ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर इथे आले होते आणि पंतप्रधान जेम्स कॅलहन यांच्यासह त्यांनी हिरवळीवर ट्यूलिप जातीचे झाड लावले होते.

दुसऱ्या दिवशी डरॅमला गेलो. तिथल्या भव्य कॅथीड्रलविषयी लिहिण्याचा मोह आवरतो. मी शोधत होतो ती एक पाटी मठाच्या ओवरीत आहे. १४१६ ते १४४६ या काळात या मठाचा प्रमुख असलेला जॉन वॉशिंग्टन याचे स्मरण तिच्यावर कोरलेले असून, त्याच्या घराण्याने त्याला ठाऊक नसलेल्या देशांत अक्षय नाव मिळवले, अशा अर्थाची ओळ तिथे आहे. पंधराव्या शतकातल्या संन्याशाला त्याच्या मरणानंतर जन्मलेल्या देशाचे श्रेय देणारी ही ओळ मी दोनदा वाचली, आणि दोन्ही वेळा मला तीत गांभीर्याइतकाच मिस्कीलपणा दिसला.

ज्या शाखेतून अध्यक्ष आला ती शाखा तोवर पेनाइन डोंगर ओलांडून लँकाशरमधल्या वॉर्टन या गावी गेली होती. वॉर्टनला जाणे मला जमले नाही; आठवडाभराने दक्षिणेकडे येताना नॉर्थॅम्प्टनशरमधले सल्ग्रेव्ह मात्र गाठले. वॉर्टनहून निघालेला लॉरेन्स वॉशिंग्टन लोकरीच्या व्यापारात शिरला, नॉर्थॅम्प्टन शहराचा महापौर झाला, आणि आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या तेव्हा १५३९ साली त्याने सल्ग्रेव्हची मठाची जमीन विकत घेऊन तिथे घर बांधले. मध्ययुगातली जमीन चार कुत्र्यांच्या चाकरीवर मिळाली होती, ही रोख पैशांत मिळाली. या घराच्या प्रवेशद्वारावर घराण्याचे चिन्ह कोरलेले आहे. त्यात आडवे दोन पट्टे आणि वर तीन तारे आहेत. अमेरिकेचा राष्ट्रध्वज यावरूनच सुचला, असे प्रवाशांना आवडीने सांगितले जाते. त्याला आधार नाही, पण राजधानीच्या शहराचा स्वतंत्र ध्वज १९३८ साली ठरला तो मात्र थेट याच चिन्हावरून घेतलेला आहे.

सल्ग्रेव्हच्या चर्चमध्ये लॉरेन्स, त्याची पत्नी एमी आणि त्यांचे चार मुलगे व सात मुली यांचे स्मारक आहे. अकरा मुलांच्या या रांगेसमोर उभे राहिल्यावर नाव पसरणे म्हणजे काय ते डोळ्यांना दिसते. आणि सात मुलींची नावे लग्नानंतर बदलली असणार, हेही लगेच ध्यानात येते.

या लॉरेन्सच्या वंशातला दुसरा एक लॉरेन्स एसेक्समधल्या पर्ली या गावी पाद्री होता. यादवी युद्धाच्या धामधुमीत, १६४३ साली, दारूच्या गुत्त्यांवर वेळ घालवतो असा ठपका ठेवून प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या धर्मसुधारकांनी, त्याची जागा काढून घेतली. घर बसले, आणि त्याचा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारी जहाजावर नोकरी धरून व्हर्जिनियाला गेला. १६५७ साली परतीच्या वाटेवर ते जहाज पोटोमॅक नदीत रुतले आणि जॉन तिथेच राहिला. जॉर्ज वॉशिंग्टन हा त्याचा पणतू. पुढे तो अध्यक्ष असताना लंडनच्या एका वंशावळी अधिकाऱ्याने त्याला पूर्वजांविषयी पत्र लिहून विचारले. १७९२ साली त्याने दिलेले उत्तर असे की, या विषयाकडे आपण फारच थोडे लक्ष दिले आहे. पूर्वज उत्तरेकडच्या कुठल्याशा परगण्यातले होते, पण तो लँकाशर, यॉर्कशर की त्याहूनही उत्तरेचा, ते नीट आठवत नाही. त्याला स्वतःला मूल झाले नाही.

लंडनकडे जाणाऱ्या गाडीत मी अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेचे आकडे काढून बसलो. त्या वर्षी वॉशिंग्टन हे आडनाव लावणारी १,६३,०३६ माणसे तिथे होती आणि त्यांपैकी सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय होती. सल्ग्रेव्हच्या अकरा मुलांच्या हिशेबात हा आकडा बसत नाही. १७९९ साली, जॉर्जच्या मृत्यूच्या वर्षी, त्याच्या माउंट व्हर्ननच्या मळ्यांवर ३१७ गुलाम होते, पण सगळे आजचे वॉशिंग्टन त्यांच्यापासून आले असेही नाही. गुलामांना आडनाव असते हे मालक सहसा मानत नसत. मुक्ततेनंतर ते उघडपणे लावता आले, आणि अनेकांनी देशाच्या पहिल्या अध्यक्षाचे नाव पसंत केले. माउंट व्हर्ननहून हे नाव नेलेला एक माणूस मात्र नक्की माहीत आहे, तो म्हणजे आफ्रिकेत जन्मलेला हॅरी वॉशिंग्टन. मालक इंग्रजांशी लढत असताना हा इंग्रजांना जाऊन मिळाला, त्यांच्याबरोबर नोव्हा स्कोशियाला गेला आणि तिथून १७९२ साली सिएरा लिओनला पोहोचला. विल्यमच्या गावाचे नाव अशा रीतीने आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले.

कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन हे नाव आपल्याकडेही अनेकांना ठाऊक असते. व्हर्जिनियात गुलामीत जन्मलेला हा मुलगा मुक्ततेनंतर पहिल्यांदा शाळेत गेला, तेव्हा हजेरी घेताना बाकीच्या मुलांना दोन दोन नावे आहेत आणि आपल्याला एकच, हे त्याच्या ध्यानात आले. गुरुजी त्याच्यापर्यंत पोहोचेतो त्याने ठरवून टाकले, आणि जन्मापासून तेच नाव असल्यासारखे शांतपणे 'बुकर वॉशिंग्टन' असे सांगितले. त्याच्या सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते. आईने आपले नाव 'टॅलिअफेरो' असेही ठेवले होते, हे त्याला पुढे कळले, तेव्हा ते त्याने मध्ये घातले; हजेरीत सांगितलेले आडनाव मात्र तसेच राहू दिले.