ट्रिलियमची तहान आणि अण्णांचा वाफसा

कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या बर्लिंग्टन या गावी आमच्या घरामागे नॉर्वे मेपलचा एक जुना वृक्ष आहे. त्याच्या सावलीत एक मीटर लांब आणि तेवढाच रुंद असा जमिनीचा तुकडा मी ट्रिलियमसाठी राखून ठेवला आहे. पांढरे ट्रिलियम हे 1937 सालापासून ओंटारिओचे प्रांतपुष्प आहे. पहिल्या महायुद्धात धारातीर्थी पडलेल्या कॅनडाच्या सैनिकांच्या परदेशातील कबरींवर लावता येईल असे एखादे फूल निवडावे, अशी चळवळ येथे झाली होती आणि तिच्यातूनच या फुलाचे नाव पुढे आले. एका दांड्यावर तीन पाने, त्यांच्या मध्यातून वर आलेल्या देठावर तीन हिरवी निदले आणि तीन पांढऱ्या पाकळ्या, एवढेच त्याचे रूप. पाकळ्या जुन्या झाल्या की हळूहळू गुलाबी होतात. मे महिन्यात नायगारा नावाच्या डोंगरकड्यालगतच्या रानात मेपलांना पुरती पालवी फुटण्याआधी जमीन या फुलांनी झाकून जाते, आणि ते दृश्य पहिल्यांदा पाहिले त्याच दिवशी हे झाड आपल्या दारी असावे असे मला वाटले.

2017 च्या मे महिन्यात मी फुलांसकट तीन रोपे आणली आणि तासगावला आमच्या परसात जसे करत आलो तसे प्रत्येक रोपाभोवती आळे केले. रोज संध्याकाळी ते आळे काठोकाठ भरायचे, हा नेम मी निष्ठेने पाळला. जुलैत पाने पिवळी पडू लागली, तेव्हा उन्हाने झाड तहानले असे समजून मी पाणी आणखी वाढवले. पुढच्या वसंतात तेथे काहीच उगवले नाही. माती उकरली तेव्हा आल्याच्या कुड्यासारखा असायला हवा तो कंद बोटांखाली दबला. तो तपकिरी, बुळबुळीत झाला होता आणि त्याला कुजका वास येत होता. आमच्या भागातली माती तांबूस आणि चिकण आहे, पाणी खाली सोडायला ती फार वेळ घेते, आणि मी तर आळे करून ते पाणी नेमके कंदावरच साठवून ठेवले होते.

त्या रविवारी वडिलांशी बोलताना मी हे सारे त्यांना सांगितले. त्यांनी आयुष्यभर द्राक्षबाग केली आहे. ट्रिलियम हे नाव त्यांनी कधी ऐकलेले नव्हते, पण ते म्हणाले, "अगं, पाणी किती घातलंस ते मला सांगू नकोस. माती मुठीत धर आणि वाफसा आहे का ते सांग." मी म्हणाले, "अण्णा, इथं वाफसा कुणाला माहीत असणार?" त्यावर ते म्हणाले, "माणसांना नसेल, मुळांना असतो."

शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या वाचकाला वाफसा समजावून सांगायला नको. मातीच्या कणांत ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, अशी ती अवस्था. मूठभर माती दाबली तर तिचा गोळा व्हावा, बोटाने टोचले तर तो फुटावा आणि तळहाताला ओल लागावी, चिखल नव्हे. ट्रिलियमसाठी मला कळलेली सगळी विद्या या एका शब्दात बसते. हे रानातले झाड आहे. वर्षानुवर्षे कुजलेल्या पाचोळ्याच्या भुसभुशीत थरात ते वाढते. तो थर ओल धरतो, पण पाणी तुंबू देत नाही. म्हणून 2018 च्या सप्टेंबरात मी ती जागा एक फूट खोल खणली, चिकण मातीत पानांचे जुने खत भरपूर मिसळले, वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटे उंच केला आणि नवे कंद साधारण दहा सेंटीमीटर खोल लावले. आळे मुळीच केले नाही.

तेव्हापासून पाण्याचे वेळापत्रक मी नव्हे, ते झाड ठरवते. मार्चअखेर आणि एप्रिलमध्ये बर्फ वितळते तेव्हा माझे काम फक्त पाहण्याचे असते, कारण जमीन स्वतःच ओली असते. मे महिन्यात फुले असताना कधी आठवडाभर कोरडा वारा सुटतो, तेव्हा मात्र पाणी द्यावे लागते. ते सकाळी, झारीचे तोंड खाली नेऊन, पाचोळ्यावर द्यायचे. फुलांवर संध्याकाळी पाणी राहिले की बुरशी येते आणि गोगलगायी जमतात.

खरी परीक्षा जून-जुलैची असते. दक्षिण ओंटारिओत वर्षाचा सुमारे 800 मिलीमीटर पाऊस बाराही महिन्यांत विखुरलेला असतो, आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळत नाही, त्यामुळे नवख्याला वाटते की येथे पाण्याची काळजी नाही. पण नॉर्वे मेपलचा पर्णसंभार इतका दाट असतो की हलकी सर पानांवरच जिरते आणि जी खाली पोहोचते ती त्याची वरवर पसरलेली मुळे आधी पितात. रेडिओवर पाऊस झाल्याचे सांगतात आणि माझ्या वाफ्यात धूळ असते. म्हणून मी सरळ कडांचा एक रिकामा डबा वाफ्यात ठेवते आणि आठवड्यात त्यात किती पाणी साठले ते पट्टीने मोजते. एका चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आठवड्याची गरज पंचवीस मिलीमीटर धरली आणि डब्यात नऊ भरले, तर उरले सोळा लिटर, म्हणजे माझ्या आठ लिटरच्या झारीने दोन झाऱ्या. त्याही एकदम नाही. एक झारी घालून अर्धा तास थांबायचे आणि मग दुसरी. त्याआधी मूठ अर्थातच पाहायची, कारण डब्यापेक्षा माझा मुठीवर विश्वास अधिक आहे.

या दिवसांत ओल टिकली तर पाने ऑगस्टपर्यंत हिरवी राहतात. माती सुकली तर ती जुलैतच माना टाकतात. हा फरक केवळ शोभेचा नाही. या झाडाला वर्षभराचे अन्न मिळवायला तीनच पाने असतात आणि पुढच्या वर्षीची कळी कंदात याच हंगामात घडते, म्हणून पानांचा प्रत्येक जास्तीचा आठवडा कंदाला लाभतो. फुलासोबत पाने खुडली तर झाड मोठ्या संकटात सापडते, त्याचेही कारण हेच.

नंतर पाने झडतात आणि वाफा रिकामा दिसतो. आपल्याकडची कळलावी पावसाने जागी होते आणि जमीन वाळली की झोपते. ट्रिलियम मात्र फुलांचा हंगाम संपून इथला उन्हाळा पुढे सरकला की झोपू लागते, मग पाऊस असो वा नसो; ओल ती झोप फक्त थोडी लांबवते. 2017 साली पिवळ्या पानांना मी तहान समजले, प्रत्यक्षात झाड झोपायला निघाले होते. आता ऑगस्ट-सप्टेंबरात मी पाणी तोडत नाही, पण निम्म्याहून कमी करते. कंद कोरडा ठणठणीत पडू नये, एवढाच त्यामागचा हेतू असतो.

ऑक्टोबरात गळलेली मेपलची पाने मी बारीक करून दोन-तीन इंच पसरते, कारण अखंड पाने एकमेकांना चिकटून त्यांची चटई बनते आणि पाणी वरूनच वाहून जाते. शरद कोरडा गेला तर जमीन गोठण्याआधी एकदा सावकाश पाणी देते. मग घराबाहेरच्या नळाची आतली चावी बंद करून नळ रिकामा करायचा, नाहीतर थंडीत पाइप फुटतो. पावसाचे पाणी साठवायचे पिंपही त्याच दिवशी पालथे घालायचे. हिवाळ्यात बर्फच या कंदांचे पांघरूण असते. अंगणातले स्वच्छ बर्फ मी फावड्याने वाफ्यावर टाकते, पण गाडीच्या वाटेवरचे, वितळावे म्हणून मीठ मारलेले बर्फ तिकडे जाऊ देत नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. ट्रिलियमचे एक भावंड आपल्या हिमालयातही आहे, त्याला नागछत्री म्हणतात, आणि औषधासाठी त्याचे कंद इतके उपटले गेले आहेत की ते दुर्मीळ झाले आहे. येथेही रानातून उपटलेली रोपे विकली जातात. बियांपासून वाढवलेली रोपे महाग असतात, कारण बी रुजायला दोन हिवाळे लागतात आणि पहिले फूल यायला सात वर्षे किंवा त्याहूनही अधिक. तरीही मी तीच घेते.

गेल्या मे महिन्यात वाफ्यात सात दांडे आले आणि पाचांवर फुले होती. पलीकडे, वाफ्यापासून दोन हातांवर, दगडी पायरीच्या फटीपाशी मला एकच पान दिसले, अंगठ्याच्या नखाएवढे. ट्रिलियमच्या बीला एक गरदार टोपी असते. तिच्यासाठी मुंग्या बी ओढून नेतात आणि टोपी खाऊन बी टाकून देतात. माझ्याच झाडाचे बी त्यांनी तेथे नेऊन ठेवले होते. तेथे झारी नेली तर माती वाहून जाते, म्हणून शनिवारी सकाळी मी चहाच्या कपाने, पायरीवर बसून, त्या फटीशी थोडे थोडे पाणी सोडते.