विमान केवढ्याला पडलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण आकडा सांगणार नाही. सांगितला की समोरचा लगेच त्याचे रुपये करतो आणि मला धनाढ्य ठरवून मोकळा होतो. अलास्कात बहुतेक गावांना रस्ताच जात नाही. कर्ज काढून जुनं विमान घेणं इथे कर्जानं ट्रॅक्टर घेण्याइतकंच साधं आहे.

खरं तर मला पैशांपेक्षा किलोंचा हिशेब जास्त छळतो. माझं विमान पायपर सुपर कब, 1949 साली निघालेलं मॉडेल. कापडानं मढवलेलं, 150 अश्वशक्तीचं इंजिन, एकामागे एक दोन जागा. सगळं भरून वजन 1750 पौंडांच्या, म्हणजे 794 किलोंच्या वर जाता कामा नये. माझं रिकामं विमानच 520 च्या घरात. टाक्या काठोकाठ भरल्या की 36 गॅलन, त्याचे 98 किलो. उरले 176. जाडजूड कपड्यांसकट मी आणि मागे बसणारा मिळून 170 धरा. राहिले सहा किलो. आता त्यात कायद्यानं सोबत ठेवायचं सामान बसवून दाखवा!

हो, कायदाच आहे तसा. त्याची जुनी यादी अशी: माणशी आठवडाभराचं खाणं, कुऱ्हाड, सुरी, प्रथमोपचाराची पेटी, मासे धरायचे गळ आणि दोरी, जाळ पेटवायचं साधन, माणशी डोक्यावर घ्यायची मच्छरजाळी, खुणावायला धुराच्या नळकांड्यांसारखी दोन साधनं. 15 ऑक्टोबर ते 1 एप्रिल यात स्नोशूज (बर्फात न रुतता चालायला पायाला बांधायच्या रुंद चौकटी) आणि स्लीपिंग बॅगची भर. पूर्वी बंदूकही सक्तीची होती. यातलं काडेपेटी-सुरीसारखं थोडं मी जॅकेटच्या खिशातच ठेवतो, कारण विमान पेटलं किंवा तळ्यात बुडालं तर मागचं सामान काय कामाचं?

म्हणजे एक तर पेट्रोल कमी भरायचं, नाही तर माणूस उतरवायचा. हलकी बॅटरी, हलका स्टार्टर असं करत मी किलो-किलो वाचवले आणि 31 इंची मऊ टायर लावून ते घालवले. नदीकाठच्या गोट्यांवर उतरायचं तर त्यांना पर्याय नाही. वेग घटतो तो घटतोच. काही हौशी मंडळी हेच टायर फक्त डांबरी धावपट्टीवर मिरवतात, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू मात्र जवळजवळ बिनवजनाची आहे. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी एक नळी असते. कडाक्याच्या थंडीत तिच्या तोंडाशी बर्फ साचून बूच बसतं. आत दाब वाढतो, पंख्यामागचं सील उखडतं आणि बघता बघता तेल बाहेर. म्हणून त्या नळीला वर, इंजिनाच्या उबेत, एक बारीक फट पाडलेली असते. खालचं तोंड बंद झालं तरी वाफ तिथून निघते. उडण्याआधी मी हातमोजा काढून ती फट बोटानं चाचपतो. उणे 20 मध्ये बोट बधिर होतं, पण डोळ्यांवर माझा भरवसा नाही. तेलकट काळोखात फट नीट दिसत नाही.

तेव्हा कुणी मागच्या जागेवर बसायला येणार असाल तर वजन आधी कळवा, बॅग धरून. मी काटा घेऊन उभा असतो. पाहुण्यांना राग येतो, येऊ दे.