अवघड कशाला म्हणायचे?

पियानोच्या दोन रचनांपैकी अवघड कोणती, यावर आज शिकवणीत पुन्हा बराच वेळ बोलणे झाले आणि घोडबंदर रोडवर रखडलेल्या बसमध्येही माझ्या डोक्यात तोच विषय होता. परीक्षा देणाऱ्या मुलांना ग्रेड 1 ते ग्रेड 8 ही चढण पाठ असते, आणि जर्मनीतील हेन्ले ही प्रकाशनसंस्था पियानोच्या रचनांना 1 ते 9 असे क्रमांक देते. हे क्रमांक उपयोगी आहेत, परंतु बोटांचे कष्ट आणि कानाचे कष्ट त्यांत एकाच आकड्यात कोंबले जातात, हे मला मनापासून खटकते.

बोटांची कसोटी पाहायची तर संगीतकार शोपँच्या ओपस 10 या संग्रहातील दुसरा एट्यूड, म्हणजे सरावासाठी लिहिलेली रचना, घ्यावा. उजव्या हाताचे मधले बोट, अनामिका आणि करंगळी अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकणारी धाव अखंड वाजवत असतात, आणि त्याच वेळी त्याच हाताचा अंगठा व तर्जनी खाली स्वरसंगती, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, देत असतात. म्हणजे सर्वांत दुबळ्या बोटांवर सर्वांत जास्त काम. लिस्टच्या ‘ला कंपानेला’मधल्या दूरदूरच्या उड्या आणि राव्हेलच्या 1908 सालच्या ‘स्कार्बो’ची दहशत यांविषयी वेगळे सांगायला नको. बालाकिरेव्हच्या ‘इस्लामे’पेक्षा अवघड काही लिहायचे, हा राव्हेलचा उघड हेतूच होता.

मात्र बेथोव्हेनच्या ‘मूनलाइट’ सोनाटाचा पहिला भाग ‘सोपा’ म्हणून बाजूला सारला जातो, तेव्हा मला राहवत नाही. तिसऱ्या भागातल्या वादळी आर्पेजिओंपुढे, म्हणजे एकामागून एक सुटे वाजणाऱ्या स्वरसंगतींपुढे, त्यातले स्वर थोडे आहेत, हे खरेच. पण उजव्या हाताकडे नीट पाहावे. करंगळीने वरची सुरावट गायची आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी तीन-तीन स्वरांचे गट इतके हलके वाजवायचे, की ते ऐकू यावेत पण पुढे येऊ नयेत. सुरावटीतला आखूड स्वर त्या गटातल्या तिसऱ्या स्वरानंतर, किंचित उशिरा पडला पाहिजे. तो तिसऱ्याच्याच डोक्यावर पडला की सगळा भारदस्तपणा जातो. शिवाय स्वर लांबवणारे पायाचे पेडल जरा जास्त दाबून राहिले की जुनी स्वरसंगती नव्या संगतीत मिसळून गढूळ होते. गाण्याच्या बैठकीत विलंबितातला एक षड्ज जसा गवयाला उघडा पाडतो, तसे इथे होते. वेगात थोडे झाकले जाते, इथे काहीच झाकले जात नाही.

शिवाय हात प्रत्येकाचा निराळा. पियानोवर एका सप्तकाची रुंदी साधारण साडेसोळा सेंटिमीटर असते, आणि लहान पंजाच्या मुलीला जी स्वरसंगती ताणून गाठावी लागते ती उंच मुलाला सहज सापडते. मग दोघांसाठी एकच क्रमांक कसा खरा ठरावा? याउलट, शोपँच्या ‘फँटसी-इंप्रॉम्प्टू’त उजव्या हाताचे चार स्वर डाव्याच्या तीन स्वरांवर बसवायचे असतात, ते बसेपर्यंत अशक्य वाटते, आणि एकदा बसले की सहसा विस्कटत नाही. मी त्याला अवघडापेक्षा किचकट म्हणेन.

मोझार्टने 1788 साली लिहिलेला, त्याच्या रचनांच्या सूचीत के. 545 हा क्रमांक असलेला सी मेजर सोनाटा त्याने स्वतःच नवशिक्यांसाठी म्हणून नोंदवला होता. त्याच्या दुसऱ्या भागात डावा हात जवळजवळ सतत तीच झुलती चाल धरून असतो, आणि ती जराही जड झाली की वरचे गाणे बुडते. शिकवणीत एकाने तो ‘लहान मुलांचा’ म्हणून सोडून द्यावा असे सुचवले. मला ते मुळीच पटले नाही. पुढचे काही आठवडे मी तोच भाग घेणार आहे, आणि आधी नुसता डावा हात, अगदी हळू.