आमची वाटचाल : नवीन बनवण्यापासून स्लो झालेलं पळवण्यापर्यंत

आम्ही सुरुवात केली ती वेबसाइट बनवून देणारी छोटी फर्म म्हणून, बाकी सगळ्यांसारखीच. लॅरावेल (पीएचपी भाषेतलं फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट बनवायचा तयार सांगाडा) घेतलं कारण लॉगिन, फॉर्म, डेटाबेस सगळं हाताशी मिळायचं आणि नवीन पोरं पटकन शिकायची. पहिली काही वर्षं त्यातच गेली, त्यात सांगण्यासारखं फार काही नाही.

मग एक क्लायंट आला, दुसऱ्या कुणीतरी बनवलेलं ऑर्डरचं ॲप्लिकेशन घेऊन. ऑर्डरची यादी उघडली की पेज नुसतं फिरत बसायचं. मोठा सर्व्हर घ्या असं कुणी सांगितलं म्हणून तो घेऊन झाला होता, फरक शून्य. आता म्हणे फ्रेमवर्कच जड आहे, सगळं दुसऱ्यात लिहून द्या. नव्याने लिहिण्यात आमचा फायदा जास्त होता हे काय सांगायला नको, पण म्हटलं आधी मोजून तर बघू. डीबगबार (पेज उघडताना डेटाबेसला किती क्वेरी, म्हणजे विचारणा, जातात ते दाखवणारं टूल) लावला आणि जे दिसलं ते बघून आमच्या पोरांनी डोक्यालाच हात लावला. पेजवर १०० ऑर्डर, प्रत्येक ओळीत ग्राहकाचं नाव, म्हणजे ऑर्डरची १ क्वेरी आणि नावांसाठी आणखी १००. लूपमधे नाव छापायची वेळ आली की एलोक्वंट (लॅरावेलचा डेटाबेसशी बोलणारा भाग) तिथल्या तिथे डेटाबेसकडे धावतं, दर वेळी. विथ ही एलोक्वंटचीच सोय लावून ग्राहक आधीच मागवून घेतले की तेच काम २ क्वेरीत होतं. एवढीशी दुरुस्ती, आणि त्यासाठी अख्खं ॲप्लिकेशन मोडीत निघालं होतं!

तिथे अजून बरंच सापडलं. ग्राहकाचा आयडी टेबलमधे नुसता आकडा म्हणून ठेवलेला, फॉरेन की कन्स्ट्रेंट (हा आयडी ग्राहकांच्या टेबलमधे असलाच पाहिजे असा डेटाबेसला दिलेला नियम) नाहीच. मायएसक्यूएल या डेटाबेसमधे इनोडीबी (त्याचं डेटा साठवणारं इंजिन) कन्स्ट्रेंट असेल तर इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखा, ओळ पटकन शोधून देणारा) आपोआप करतं, नसेल तर तुम्ही करायचा, आणि तो कुणी केलाच नव्हता. एक्सप्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते सांगणारी कमांड) चालवलं तर टाइपच्या रकान्यात ऑल, म्हणजे एका ग्राहकाच्या ऑर्डरसाठी पूर्ण टेबल वाचून काढतंय. तारखेच्या कॉलमवर मात्र इंडेक्स होता पण रिपोर्टमधे व्हेअरइयर (तारखेतून वर्ष काढून तुलना करणारं फंक्शन) वापरलेलं, कॉलम फंक्शनमधे गुंडाळला की तो इंडेक्स असून नसल्यासारखाच, म्हणून १ जानेवारीपासून पुढच्या १ जानेवारीच्या आत अशी रेंज दिली.

मोठ्या सर्व्हरने फरक का पडला नाही तेही कळलं. पीएचपी-एफपीएममधे (सर्व्हरवर पीएचपी चालवणारा प्रोग्राम) मॅक्स चिल्ड्रन, म्हणजे एका वेळी किती प्रोसेस चालतील, ही सेटिंग मूळ फाइलमधे जशी येते तशी ५ वर होती. म्हणजे एका वेळी ५ च रिक्वेस्ट, सहावा माणूस बाहेर लाइनीत, आत मेमरी कितीही रिकामी असो. हा आकडा मेमरी बघून वाढवायचा, उगाच १०० करून ठेवला तर सर्व्हर स्वॅपमधे जातो (मेमरी संपून डिस्क वापरायला लागतो) आणि आधीपेक्षा वाईट हाल होतात.

हे काम तोंडी तोंडी पसरलं आणि आमची लाइनच बदलली. आता नवीन प्रोजेक्ट कमी घेतो, जुनी ॲप्लिकेशन्स पळती करायचं काम जास्त. ईमेल आणि पीडीएफ रिक्वेस्टमधून काढून क्यूमधे (मागच्या मागे चालणाऱ्या कामांची रांग) टाकणं तर जवळपास प्रत्येक ठिकाणी करावं लागतं. (डिप्लॉय झाला, म्हणजे नवीन कोड सर्व्हरवर चढला, की क्यू रीस्टार्ट द्यायचा बरं का, क्यूतली कामं करणारा वर्कर मेमरीतला जुनाच कोड चालवत राहतो आणि मग लोक म्हणतात बदल केला पण दिसतच नाही.) लाखो ओळींच्या यादीत पॅजिनेट (यादी पानापानांत दाखवणारी लॅरावेलची सोय) दर पेजला एकूण मोजणी पण करतं, पेज नंबर कुणी बघतच नसेल तर ती मोजणी न करणारं सिंपलपॅजिनेट पुरतं.

कॅशचा (एकदा काढलेलं उत्तर साठवून पुन्हा वापरायचं) आग्रह सगळेच धरतात, रेडिस (त्यासाठी मेमरीत डेटा ठेवणारं सॉफ्टवेअर) लावा म्हणजे झालं. आमच्याकडे ते सगळ्यात शेवटी. क्वेरी खराब असताना कॅश लावली की दुखणं झाकलं जातं, आणि कॅश रिकामी झाली त्या क्षणी सगळे एकदम त्याच क्वेरीवर तुटून पडतात. शिवाय कॅश कधी पुसायची हा वेगळाच व्याप मागे लागतो.

कोटेशन द्यायची पद्धत पण बदलली. आधी फक्त मोजणीचं काम घेतो, कुठलं पेज किती वेळ घेतंय आणि तो वेळ नेमका कशात जातोय याचा कागद देतो, दुरुस्ती आमच्याकडून करून घ्या नाहीतर दुसरीकडून, ते त्यांनी ठरवायचं. आमच्या स्वतःच्या प्रोजेक्टमधे डेव्हलपमेंटला प्रिव्हेंट लेझी लोडिंग (लूपमधून असं दर वेळी डेटाबेसकडे धावणं अडवणारी सेटिंग) चालूच असतं, विथ विसरला की लगेच एरर येतो. नवीन पोरं सुरुवातीला यावर जाम वैतागतात.