बारा शनिवार

अमेरिकेतील अ‍ॅन आर्बर या गावातील मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये 1,07,601 प्रेक्षक बसू शकतात आणि गावाची स्वतःची लोकसंख्या त्याहून फार मोठी नाही. एवढे अवाढव्य मैदान अमेरिकन फुटबॉलसाठी वर्षातून जेमतेम सात-आठ शनिवारी भरते. त्या दिवशी स्टेडियमजवळचे घरमालक अंगणातील हिरवळ मोटारी लावायला भाड्याने देतात आणि पिवळ्या-निळ्या कपड्यांतील माणसे सकाळपासूनच मोटारींच्या डिकीशी खाण्यापिण्याचा थाट मांडून बसतात. महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलचा नियमित मोसम अवघ्या बारा सामन्यांचा असतो, हे प्रथम कळले तेव्हा क्रिकेटवर वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा सगळा खटाटोप प्रमाणाबाहेरचा वाटला होता. आयपीएलमध्ये साखळीतच चौदा सामने होतात आणि त्यांतले पाच-सहा हरूनही संघ पुढे जातो. येथे मात्र 2023 पर्यंत एक पराभव झाला की विजेतेपदाचे गणित डळमळायचे आणि दुसऱ्या पराभवानंतर आशा जवळपास संपलेलीच असायची.

2023 च्या मोसमात मिशिगनचा संघ नियमित बारा आणि नंतरचे तीन असे पंधरापैकी पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता ठरला, पण त्याची सुरुवात काहीशी निरस होती. प्रशिक्षक जिम हार्बॉ यांना खेळाडू-भरतीच्या नियमभंगाच्या प्रकरणात विद्यापीठानेच पहिले तीन सामने बाहेर बसवले होते आणि समोरचे संघ इतके दुबळे होते की हार्बॉ यांची उणीव कोणाला जाणवलीही नाही. त्या वर्षी गणेश चतुर्थी 19 सप्टेंबरला होती. डेट्रॉईटच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या गणपतीच्या कार्यक्रमांना शनिवारच सोयीचा, आणि चतुर्थीनंतरच्या शनिवारी घरच्या मैदानावर रटगर्स विद्यापीठाशी सामना. आरतीला उभ्या राहिलेल्या तरुण मंडळींची नजर मधूनमधून खिशातील फोनकडे वळते, हे येथल्या वडीलधाऱ्यांनी आता मनातल्या मनात मान्य करून टाकले आहे.

खरा मोसम नोव्हेंबरमध्ये सुरू झाला. प्रतिस्पर्ध्यांचे सामने आधीच जाऊन पाहायचे, त्यांच्या प्रशिक्षकांच्या खाणाखुणा टिपून घ्यायच्या आणि त्यांचा अर्थ लावायचा, असा आरोप मिशिगनच्या एका कर्मचाऱ्यावर झाला. त्यापायी पेन स्टेट विद्यापीठाशी होणाऱ्या सामन्याच्या आदल्या दिवशी, संघ तिकडे निघाला असतानाच, हार्बॉ यांच्यावर आणखी तीन सामन्यांची बंदी आली. मग शेरॉन मूर या सहायकाने सूत्रे हाती घेतली आणि जे केले ते मला आजही त्या मोसमातले सर्वांत धीट कृत्य वाटते. जे. जे. मॅकार्थीसारखा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाली घडवणारा खेळाडू, हाताशी असूनही त्याने सलग 32 वेळा चेंडू फेकू न देता तो घेऊन धावण्याचाच हुकूम दिला. समोरच्याला पुढची चाल ठाऊक आहे आणि तरीही ती थोपवता येत नाही, हा प्रकार पाहायला कंटाळवाणा असतो असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. मला स्वतःला त्यात दमदार गायकाने एकच स्वर निश्चयाने धरून ठेवावा तसा आनंद होतो. सामना 24-15 असा जिंकला आणि मूर कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडला.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी ओहायो स्टेट हा कट्टर प्रतिस्पर्धी आला, तेव्हा दोन्ही संघ अपराजित होते. तिसऱ्या सत्रात 17-17 अशी बरोबरी असताना मिशिगनच्या झॅक झिंटरचा पाय मोडला, लाखभर माणसांचे मैदान चिडीचूप झाले आणि त्याला बाहेर नेल्यानंतरच्या पहिल्याच चालीत ब्लेक कोरम 22 यार्ड धावत जाऊन टचडाउन करून, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपार नेऊन, आला. शेवटच्या अर्ध्या मिनिटात मिशिगनच्याच रॉड मूर या खेळाडूने ओहायोचा पास मध्येच पकडला आणि सामना 30-24 असा संपला. वर्षभराची खुन्नस त्या एका दुपारी फेडायची असते आणि हुकली तर पुढची संधी बरोबर बारा महिन्यांनी येते, तोवर संघातली कित्येक मुले पदवी घेऊन निघून गेलेली असतात.

या टंचाईचे मला आकर्षण आहे, पण तिचा निष्ठुरपणाही त्याच वर्षी दिसला. विजेतेपदाच्या फेरीत तेव्हा चारच संघ घेतले जात. फ्लोरिडा स्टेटने तेरा सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि तरीही क्वार्टरबॅक जखमी झाल्याने संघ पूर्वीसारखा राहिला नाही असे ठरवून निवड समितीने त्याला वगळले. मिशिगनने 1 जानेवारी 2024 रोजी अलाबामाला जादा वेळेत 27-20 असे आणि आठवड्याने ह्यूस्टन येथे वॉशिंग्टनला 34-13 असे हरवले. नंतर हार्बॉ व्यावसायिक फुटबॉलकडे निघून गेले, तेरा खेळाडू एकाच ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीत, निवडले गेले आणि 2025 मध्ये खाणाखुणांच्या प्रकरणात विद्यापीठाला जबर दंडही झाला.

पुढच्याच मोसमापासून चारऐवजी बारा संघांची फेरी सुरू झाली. मिशिगन त्या वर्षी पाच सामने हरले, मात्र नोव्हेंबरअखेर प्रतिस्पर्ध्याच्या गावी, कोलंबसला, जाऊन ओहायो स्टेटला 13-10 असे नमवून आले. ओहायोचा तो दुसरा पराभव होता. जुन्या पद्धतीत त्यांचे वर्ष तेथेच संपले असते. नव्या पद्धतीत ते पुढचे चारही सामने जिंकून जानेवारी 2025 मध्ये राष्ट्रीय विजेते झाले. अ‍ॅन आर्बरच्या लोकांना मात्र त्या करंडकाविषयी विचारले, तर ते तुम्हाला तेरा-दहा एवढेच ऐकवतात.